पोच देणारी पेटी

फॅक्स पाठवणारा माणूस कागद यंत्रात सरकवतो आणि तिथंच उभा राहतो. पान आत जातं, पलीकडून होकार येतो आणि एक चिठ्ठी छापून बाहेर पडते: अमुक क्रमांक, अमुक वेळ, इतकी पानं, ‘ओके’. ती चिठ्ठी मूळ कागदाला टाचून तो फायलीला लावतो. त्याच्या लेखी काम झालं. येणारे फॅक्स ईमेलमध्ये वळवणारी पेटी मी बसवते, तेव्हा हा ‘ओके’ ती पेटी देते, आणि ज्या कार्यालयानं ती बसवून घेतली त्याच्या नावानं देते. या कामात मला सगळ्यात जास्त काळजी असते ती त्या एका होकाराची.

रायपूरला हे काम अजून निघतं असं सांगितलं की पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांना नवल वाटतं. पण उरला, सिलतरा, भनपुरीच्या औद्योगिक भागात फिरलं की कारण कळतं. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, राइस मिल, त्यांचे वकील, त्यांचे वाहतूकदार. यांतल्या कित्येकांच्या लेटरहेडवर ०७७१ ने सुरू होणारा फॅक्स क्रमांक आजही छापलेला असतो. जुन्या करारांत ‘सूचना टपालाने किंवा फॅक्सने द्यावी’ असं कलम असतं. यंत्र केव्हाच कोपऱ्यात जाऊन पडलेलं असतं. क्रमांक मात्र चालू असतो, आणि तो कुणाकुणाच्या फायलीत लिहून ठेवलेला आहे हे कार्यालयातल्या कुणालाच सांगता येत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्स यंत्रं घ्यायला मनाई करावी लागली, म्हणजे तोवर ती घेतली जात होती. जपाननं २०२१ साली मंत्रालयांतले फॅक्स बंद करायचं ठरवलं, तर खात्यांमधूनच इतके आक्षेप आले की बेत मागे घ्यावा लागला.

सिलतऱ्याच्या एका कारखान्यात आवक-जावक सांभाळणारे काका रायपुरातल्या आमच्या तात्यापारा भागातले. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, म्हणून आलेल्या प्रत्येक फॅक्सची त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, ही त्यांची शिस्त. मी पेटी दाखवली तेव्हा वेग, खर्च, कागदाची बचत यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “बेटा, यंत्रातून कागद पडला की मला दिसायचा. आता एखादा आला नाही, तर मला कळणार कसं?” या प्रश्नाला उत्तर देता आलं पाहिजे, बाकी जोडाजोडी कुणालाही शिकता येते.

पेटी जोडण्याआधी मी लाइनवर साधा फोन लावून ऐकते. आधी पाठवणाऱ्या यंत्राची हाक येते: ११०० हर्ट्झचा अर्ध्या सेकंदाचा सूर, तीन सेकंदांची शांतता, पुन्हा तोच सूर. घेणारं यंत्र २१०० हर्ट्झची लांब शिट्टी देतं. मग घोगरी खरखर सुरू होते. सेकंदाला ३०० बिट इतक्या संथ वेगानं घेणारा आपली कुवत सांगतो: मला एवढा वेग झेपतो, एवढं बारीक पान घेता येतं. पाठवणारा त्यातलं काय वापरणार ते कळवतो आणि पुढचा दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतो. ती चाचणी असते. शून्यं धड पोहोचली तर घेणारा ‘पाठव’ म्हणतो. बिघडून पोहोचली तर नकार देतो, आणि पाठवणारा वेग उतरवतो: १४४००, १२०००, ९६००, ७२००. प्रत्येक पान संपल्यावर पाठवणारा विचारतो, घेणारा होकार देतो, आणि मगच पुढचं पान निघतं. या संभाषणाची रीत १९८० साली ‘ग्रुप ३’ या आंतरराष्ट्रीय मानकानं घालून दिली. वेग पुढे वाढले, रीत तीच राहिली.

कान तयार झाला की नकार ऐकू येतो. वेग पुन्हा पुन्हा उतरतोय असं जाणवलं की मी संगणकाकडे वळतच नाही. खांबापासून टेबलापर्यंतची वायर, भिंतीवरचा रोझेट, हिरवे पडलेले तांब्याचे जोड, हे आधी. जंक्शन बॉक्समध्ये पावसाचं पाणी गेलेली लाइन कुठल्याही सेटिंगनं सुधारत नाही.

पेटीत तसं थोडकंच सामान असतं. एक छोटा संगणक, त्यावर लिनक्स, बाहेरून जोडलेला फॅक्स मोडेम आणि हायलाफॅक्स नावाची प्रणाली. सॅम लेफलर या प्रोग्रॅमरनं ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिली आणि सगळ्यांना मोकळी करून दिली. ती आजही इमानानं चालते. मोडेम मी मुद्दाम बाहेरचा घेते. त्याचे दिवे दिसतात, आणि तो अडकला तर संगणक बंद न करता त्याचाच वीजपुरवठा तोडून जोडता येतो. छत्तीसगडात जून लागला की विजांचा कडकडाट सुरू होतो, आणि टेलिफोनची तार तो झटका थेट मोडेमपर्यंत आणते. म्हणून लाइनवर सर्ज प्रोटेक्टर बसवायचा आणि त्याचं अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत गेलंय का ते मोजून बघायचं. अर्थिंग नसलेला प्रोटेक्टर काही वाचवत नाही.

फायबर आल्यापासून नवी अडचण उभी राहिली आहे. तांब्याची तार जाते आणि फोनची जोडणी फायबरच्या डबीतून मिळते. बोलताना फरक कळत नाही, फॅक्सला लगेच कळतो. या वाटेनं आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत जातो. एखादा तुकडा उशिरा आला किंवा गळला तर माणूस वाक्य समजून घेतो. मोडेमचा मात्र ताल चुकतो आणि पान तिथंच तुटतं. जी.७२९ सारखी आवाज आवळून पाठवणारी पद्धत तर माणसाच्या बोलण्यासाठीच घडवलेली आहे. मोडेमचे सूर तिच्यातून धड बाहेर पडत नाहीत. म्हणून मी सेवा देणाऱ्याकडे जी.७११ चा आग्रह धरते. ती सेकंदाला ६४ हजार बिट घेते आणि सूर शाबूत ठेवते. त्याहून बरं म्हणजे टी.३८. त्यात फॅक्सचे संकेत आवाज म्हणून जातच नाहीत, माहिती म्हणून जातात. पण वाटेतल्या सगळ्या यंत्रांना ते नीट यायला हवं. तेही जमलं नाही तर मी वेग ९६०० वर बांधून टाकते आणि बिघडलेला भाग पुन्हा मागवणारी चूक-दुरुस्ती चालू ठेवते. पानामागे काही सेकंद जास्त जातात, पान पुरं येतं.

आलेलं पान म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र. फॅक्सला लिपी ठाऊक नसते, त्यामुळे देवनागरीतलं हस्ताक्षर आणि इंग्रजी टंकलेखन त्याला सारखंच. एका आडव्या ओळीत १७२८ ठिपके असतात, म्हणजे मिलिमीटरला जवळपास आठ. उभ्या बाजूला मात्र साध्या प्रतीत मिलिमीटरला ३.८५ ओळी आणि ‘फाइन’ प्रतीत ७.७. म्हणजे साध्या प्रतीतला ठिपका चौरस नसतो, रुंदीच्या दुप्पट उंच असतो. पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रॅमनं हे लक्षात घेतलं नाही तर पान निम्म्या उंचीचं आणि अक्षरं चेपलेली दिसतात. पेटी बसवल्यावर मी पहिलं पान उघडून त्यावरचा गोल शिक्का बघते. शिक्का लंबगोल दिसला तर प्रमाण चुकलंय.

याच ठिपक्यांशी पोलादाच्या धंद्याचा थेट संबंध आहे. सळईच्या मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट जातं. त्यात कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांची टक्केवारी बारीक टंकात असते, आणि ०.२५ मधलं दशांशचिन्हाचं टिंब साध्या प्रतीत एखाद्या ठिपक्यावर येऊन ठेपतं. पान स्वच्छ दिसावं म्हणून सुटे डाग पुसणारी सोय बऱ्याच प्रोग्रॅममध्ये असते. ती चालू केली की डागांबरोबर दशांशचिन्हही जातं, आणि हिंदी-मराठी पत्रांतले अनुस्वारही जातात. मी ती सोय बंद ठेवते, आणि नेहमीच्या पाठवणाऱ्यांना फोन करून ‘फाइन’ निवडायला सांगते. जसं पान आलं तसं मूळ चित्र पेटीत जपून ठेवायचं आणि ईमेलला त्याची प्रत जोडायची, हा माझा नियम आहे.

पान पेटीत पोहोचलं की फॅक्सच्या जगातली सगळी हमी संपते. फॅक्स पानागणिक होकार मागतो. ईमेल तसं काही मागत नाही. ते स्पॅममध्ये जाऊन पडेल, भरलेल्या मेलबॉक्सवरून परत येईल, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यात साचत राहील. इकडे पाठवणाऱ्याच्या फायलीत मात्र ‘ओके’ लागलेला असतो. म्हणून पेटीचं ईमेल कार्यालयाच्या स्वतःच्या डोमेनवरून, रीतसर लॉगिन करून जायला हवं. पत्ता एका माणसाचा नको, विभागाचा हवा, आणि तो निदान दोघांनी उघडला पाहिजे. परत आलेली ईमेलं कुणाकडे जातात ते ठरवलेलं हवं. विषयाच्या ओळीत क्रमांक, वेळ आणि पानांची संख्या हवी. पाठवणाऱ्या यंत्राचं नाव त्यात येतं, पण ते ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरलेलं असतं. त्याला ओळखीचा पुरावा मानू नये. आणि पेटीतली डिस्क भरत आली असेल तर पेटीनं फोन उचलूच नये. फोन नुसता वाजत राहिला तर कागद गेला नाही हे पाठवणाऱ्याला निदान कळतं. होकार देऊन पान हरवलं तर कुणालाच कळत नाही.

वेळेचं महत्त्व मला एका निकालानं शिकवलं. एसआयएल इम्पोर्ट, यूएसए विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली सांगितलं की, न वटलेल्या धनादेशाची नोटीस फॅक्सनं दिली तरी ती लेखी नोटीसच. त्या प्रकरणात ११ जून १९९६ ला नोटीस फॅक्सनं गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर टपालानंही. तक्रारदारानं टपाल मिळाल्याच्या तारखेपासून मुदत मोजली आणि ८ ऑगस्टला तक्रार दाखल केली. न्यायालयानं मुदत फॅक्सपासून मोजली, आणि तक्रार उशिराची ठरली. फॅक्स आल्याचा दिवस एवढा मोलाचा असतो. पानाच्या माथ्यावर छापून येणारी तारीख पाठवणाऱ्या यंत्राच्या घड्याळाची, आणि ते घड्याळ वीज गेल्यावर कितीदा चुकलेलं असतं. म्हणून पेटीचं घड्याळ इंटरनेटवरच्या प्रमाणवेळेशी जुळवणं आणि प्रत्येक फॅक्सची नोंद वेळेनिशी राखणं हे मी पेटीच्या मुख्य कामांत धरते.

घेणारं कुणी नसलं की काय होतं ते देशानं २१ नोव्हेंबर २०१८ ला पाहिलं. जम्मू-काश्मीरमध्ये सरकार स्थापनेचा दावा करणारं मेहबूबा मुफ्ती यांचं पत्र फॅक्सनं राजभवनात पोहोचेना, तेव्हा त्यांनी ते ट्विटरवर टाकलं. त्याच संध्याकाळी विधानसभा बरखास्त झाली. राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितलं की ईदची सुट्टी होती आणि फॅक्स घ्यायला कुणी नव्हतं. त्यातलं राजकारण बाजूला ठेवलं तरी सुट्टीच्या दिवशी येणारा कागद कुणाच्या हाती पडणार, हा प्रश्न प्रत्येक कार्यालयाला लागू आहे. पेटी सुट्टी घेत नाही. तिनं घेतलेला कागद सुट्टीत कोण उघडणार ते माणसांनीच ठरवायला हवं.

काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं होतं. पेटी रोज सकाळी एक ईमेल पाठवते: काल इतके फॅक्स आले, इतके अर्धवट तुटले. एकही आला नसेल तरी ‘शून्य’ असं कळवते. कारण फॅक्स आला नाही म्हणून शांतता आहे की पेटी बंद पडली म्हणून, हे बाहेरून ओळखता येत नाही. ते ईमेल आलं नाही तर पेटीत बिघाड आहे असं समजायचं आणि मला फोन करायचा. दर सोमवारी दुसऱ्या क्रमांकावरून एक चाचणीचं पान पाठवायचं आणि ते ईमेलमध्ये उघडून त्यावरची तारीख आवक रजिस्टरात लिहायची. काकांनी चष्मा वर करून ते सगळं ऐकलं आणि रजिस्टरात चाचणीसाठी वेगळा रकाना आखून घेतला. तो रकाना आता मी प्रत्येक ठिकाणी आखायला लावते. तो भरला जात असेल तर पेटी कशी चालली आहे हे मला तिथं न जाताही कळतं.

तुमच्या लेटरहेडवर फॅक्स क्रमांक छापलेला असेल तर या आठवड्यात दुसऱ्या कुठून तरी त्यावर एक पान पाठवून बघा. पलीकडून ‘ओके’ आला आणि ते पान तुमच्यापैकी कुणाच्याच हाती पडलं नाही, तर दोनपैकी एक करा: तो क्रमांक बंद करून ज्यांच्याशी करार आहेत त्या सगळ्यांना लेखी कळवा, नाहीतर त्या क्रमांकामागे रोज कागद उघडणारा माणूस नेमा.