उताराला ओरडणारी गाडी

पुणे

प्रिय गड्या,

हॅम्बुर्गात २०१८ साली दोन रस्त्यांवर जुन्या डिझेल गाड्यांना बंदी झाली, तेव्हापासून तू प्रत्येक पत्रात विचारतोस, "व्हॅन भंगारात घातलीस का?" नाही घातली! एक तर आपल्याला व्हॅनचा नाद लावला तुझ्याच गावाने. तिथल्या हारबुर्ग भागातल्या टेम्पो कंपनीशी करार करून फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो काढली, आणि पुढे आकुर्डीहून बाहेर पडलेल्या मॅटाडोरमधून आपण लग्नाची वऱ्हाडं गाठली. आता त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स आहे आणि मॅटाडोर दिसेनाशी झाली, पण आपल्याला लागलेली खोड काही सुटत नाही.

तर, आमच्या व्हॅनला हल्ली वाचा फुटली आहे. डॅशबोर्डातून मधूनच टीं-टीं असा आवाज यायचा. दिवा एकही लागायचा नाही, काटे जागच्या जागी, गाडीही नेहमीसारखी पळायची. पुण्यात सल्ल्यांना काय तोटा! वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, दार नीट लागत नसेल. मेहुणा म्हणाला, डायनॅमो गेला. एका इलेक्ट्रिशियनने तर अख्खा मीटरच बदला म्हणून असा आकडा सांगितला की मी गाडी तशीच परत आणली.

आमचे गॅरेजवाले मामा मात्र बॉनेट उघडायच्या आधी एवढंच विचारतात, "कधी वाजतं?" मी सांगितलं, आम्ही जेजुरीला गेलो होतो. जाताना दिवे घाट गाडी चिडीचूप चढली. परतताना वडकीच्या बाजूला उतरताना ब्रेकवर पाय पडला रे पडला की टीं-टीं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतानाही तेच. चढाला नाही, सपाटीला नाही, सिग्नलला उभं असतानाही नाही. एवढं ऐकून मामांनी अर्धा निकाल लावला. इंजिन ऑइलचं प्रेशर कमी असतं तर ते गरम इंजिनवर, गाडी उभी असताना वाजलं असतं, कारण तापलेलं ऑइल पातळ होतं आणि रेस कमी असली की दाब घसरतो. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचलं असतं, तर त्याने चढ-उतार बघितला नसता. मग उताराला ब्रेक मारल्यावर पुढे सरकतं काय? ब्रेक ऑइल!

बॉनेटखाली ब्रेक ऑइलची पांढरट बाटली असते, तिच्यात फ्लोट. ऑइल ठरावीक खुणेच्या खाली गेलं की फ्लोट बसतो आणि बझर वाजतो. आमचं ऑइल खुणेला टेकलेलं होतं. सपाटीला फ्लोट जेमतेम तरंगायचा, उताराला ऑइल पुढे गेलं की टेकायचा. मामांनी बाटलीचा प्लग काढला आणि त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. टीं-टीं! मग दिवा का लागत नव्हता? त्यांनी किल्ली फिरवायला सांगितली. किल्ली ऑन केली की सगळे दिवे क्षणभर लागायला हवेत. ब्रेकचा लाल दिवा लागलाच नाही. बल्ब उडाला होता. हँडब्रेकला आणि ऑइलला मिळून हा एकच दिवा असतो.

मी म्हटलं, "ओता मग थोडं ऑइल." मामांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते, त्यातलं ऑइल वापरून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे एक तर कुठे गळतंय, नाही तर पुढचे पॅड झिजलेत. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे येऊन तिथेच राहतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. मागचे ड्रम उघडले, आत कोरडं. पुढचे पॅड काढले तर पत्र्याला लागायच्या बेतात! वरून नुसतं ऑइल ओतलं असतं तर बझर गप्प झाला असता आणि पॅड तसेच झिजत राहिले असते. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की ओतलेलं ऑइल उतू जातं आणि रंग खातं.

मामांनी पॅड बदलले आणि जुनं, काळपट ऑइलही काढून टाकलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की अशा ऑइलची वाफ होते आणि पॅडल फुसकन तळाला जातं.

उताराला ब्रेकने दगा दिला की काय होतं, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसलं. नवले पुलाजवळ एका ट्रकने बऱ्याच गाड्या ठोकल्या. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. गाडी न्यूट्रलला सोडली की गिअरचा आवर जातो, आणि इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदतही संपते. म्हणून ज्या गिअरने घाट चढावा, त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम मी आता मोडत नाही.

डिसेंबरात येशील तेव्हा ताम्हिणीने कोकणात उतरू, व्हॅन तयार आहे. तोवर एक काम कर. तुझ्या गाडीतलं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघ, आणि दोन वर्षं उलटली असतील तर आधी ते बदलून घे. मगच पत्राला उत्तर लिही.

कळावे, लोभ असावा.

तुझाच