नवा तवा
(द्वितीय वर्ष, कला)

सावंतवाडीच्या एस. टी. स्टँडवर पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्यांपैकी कित्येकांनी आमच्या आयेच्या हातची आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली असेल. ती गाडी माझ्या आईची, हे मात्र पहिले वर्षभर मी वर्गात कुणालाच सांगितले नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सकाळचे नऊ वाजत आले होते. रस्त्यापलीकडून आमच्या वर्गातल्या तिघीजणी येताना दिसल्या. त्या पोहोचायच्या आत आवरून निघावे म्हणून मी तापल्या तव्यावर तांब्याभर गार पाणी ओतले. टण्णकन आवाज झाला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला. बीड ठिसूळ; तापलेले असताना एकाएकी गार झाले की आकसते आणि फुटते. बाबा गेले त्या वर्षी घेतलेला, बारा वर्षे आमचे घर चालवणारा तो तवा! आये काहीच बोलली नाही. तिचे ते न बोलणेच मला अधिक लागले.

माझ्या परीक्षेच्या फीसाठी ठेवलेल्या भिशीच्या पैशांतून नवा तवा आला. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, तीन सूत जाडीची सपाट लोखंडी प्लेट. वजन वीस किलोच्या वर. "हो तवो तूच तयार कर," आये म्हणाली.

आधी तो नीट बसवायला हवा होता. गाडीचे एक चाक खाली होते. त्याखाली चिऱ्याचा तुकडा सारला. तव्यावर थोडे पाणी ओतून ते कुठल्या कोपऱ्याकडे धावते ते पाहिले आणि ते जागच्या जागी थांबेपर्यंत चिपा घातल्या. तवा कलता असला तर तेल एका कडेला जमते आणि दुसरी बाजू कोरडी राहून जळते. वाऱ्याने शेगडीची आच एकीकडे झुकू नये म्हणून पश्चिमेला पत्रा उभा केला.

नव्या लोखंडाला गंजू नये म्हणून कारखान्यातच वंगण लावलेले असते. ते सोडा, राख आणि कढत पाण्याने घासघासून काढले. मग तवा तापत ठेवला. हळूहळू त्याचा पांढुरका रंग जाऊन निळसर झाक आली. आता तेल लावायचे. मला घाई. एकदाच भरपूर लावले की झाले, असे वाटून मी वाटीभर तेल ओतले. धूर खूप झाला. पण गार झाल्यावर तव्यावर तपकिरी, चिकट साय धरली. बोट लावले तर बोटच चिकटले.

"बाय, तवो नवो आसा. तेका येळ दी," आये एवढेच म्हणाली.

सारे खरवडून पुन्हा सुरुवात केली. नारळाची शेंडी तेलात बुडवून पुसट हात फिरवायचा, वर कोरड्या फडक्याने जणू पुसूनच टाकायचा, धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचा, निवू द्यायचा. असे पाच वेळा केले. रात्रीचे अकरा वाजले. शास्त्र शाखेतल्या एका मैत्रिणीने पुढे मला सांगितले, की पातळ तेल तापले की त्याचे कण एकमेकांत गुंफून लोखंडाला कठीण थर धरतो. थर जाड झाला तर तो आत कच्चाच राहतो. आये रसायनशास्त्र शिकलेली नाही, पण हे तिला ठाऊक होते.

त्या रात्री तव्याजवळ बसून मला माझे पहिले वर्ष आठवले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सगळ्यांच्या मागे पडेन या भीतीने गाइडेच्या गाइडे पाठ केली होती. वाटीभर तेल ओतावे तशी! परीक्षेनंतर त्यातले हाताला काय लागले? नुसता चिकटा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिठात बुडवलेला अर्धा कांदा तव्यावर घासून मी पहिली आंबोळी घातली. ती फाटली. दुसरीही फाटली. दोन्ही कावळ्यांना गेल्या. तिसरी कडेने धरून राहिली. चौथी मात्र उलथने लावताच अलगद सुटली, जाळीदार. आयेने ती हातात घेऊन उजेडात धरली आणि काही न बोलता पहिल्या गिऱ्हाइकाच्या ताटलीत वाढली.

नऊ वाजता त्या तिघीजणी पुन्हा दिसल्या. या वेळी मी तांब्याला हात लावला नाही. "या ना," मी हाक मारली, "माझ्या आईची गाडी आहे."

माझी फी त्या सत्रात विलंब शुल्कासह भरली गेली. तवा अजून पुरता काळा झालेला नाही. मधला भाग चकाकतो, कडा राखाडीच आहेत. गाडी बंद करताना तो निवेपर्यंत मी थांबते, फडक्याने पुसते आणि तेलाचा एक पुसट हात देते. मग लेक्चरला जाते. कधी पाच मिनिटे उशीर होतो. का, ते आता सरांना ठाऊक आहे.