साबणाचे कूळ

अमळनेरकरांना साबण हा काही परका पदार्थ नव्हे. १९४५ साली येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप आणि त्याच्या जोडीला ‘७८७’ नावाचा कपडे धुण्याचा साबण ती बनवी. पुढे हीच कंपनी ‘विप्रो’ म्हणून जगाला ठाऊक झाली. पदार्थ असा गावचा झाला. शब्द मात्र कोठला?

कोणी तो अरबी ‘साबून’वरून आला म्हणतात, कोणी पोर्तुगीज ‘साबांव’वरून. माझ्या मते हा वाद गौण आहे. दोन्ही वाटा मागे लॅटिन ‘सापो’कडेच जातात, आणि मौज अशी की लॅटिननेही तो उसनाच घेतलेला! पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो की, चरबी व राख यांचा ‘सापो’ ही गॉल लोकांची युक्ती. केस तांबूस करण्यासाठी ते तो वापरीत. जर्मन टोळ्यांत तर स्त्रियांपेक्षा पुरुषांनाच त्याची हौस अधिक. रोमन ज्यांना रानटी म्हणत, बहुधा त्यांच्याच बोलीतून हा शब्द रोमला मिळाला. थेंब थेंब गळणे, या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते असावे.

त्या बोलींच्या वंशजांनी पुढे तो आपापल्या परीने वापरला. जर्मन भाषेत ‘झायफ’ म्हणजे कोणताही साबण. स्वीडिश भाषेत मात्र ‘सोपा’ म्हणजे फरशी धुण्याचा मऊ किंवा पातळ साबण; अंगाला लावायची वडी ती ‘त्वोल’. (आपल्या ‘सोपा’शी याचा संबंध नाही, हे सांगणे न लगे.) ‘त्वोल’ आणि आपल्या खुंटीवरचा ‘टॉवेल’ हे दोघे मात्र ‘धुणे’ या अर्थाच्या एकाच जुन्या धातूची लेकरे.

मलाखीच्या ग्रंथात परटाच्या खाराचा उल्लेख आहे. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतरात तेथे ‘सापो’ न योजता ‘परटाची वनस्पती’ असे शब्द योजले. मूळ हिब्रू शब्द वनस्पतींच्या राखेतील खाराचा असल्याने ते योग्यच म्हटले पाहिजे.

आमच्या अहिराणीत ‘साबन’ म्हणतात. माझ्या वर्गातील एका मुलाकडून गुरुजींनी ‘साबण’ हा शब्द फळ्यावर दहा वेळा लिहून घेतला होता. सारा वर्ग हसला. तो मुलगा मात्र पुढे कित्येक दिवस वर्गात तोंड उघडीना. लॅटिन ‘सापोनेम’, इटालियन ‘सापोने’, अरबी ‘साबून’: यांत ‘ण’ कोठेच नाही. तो मराठीने मागाहून दिला. प्रमाणभाषेत तो सुखेनैव नांदो. पण जुन्या रूपाच्या अधिक जवळ होता तो फळ्यापुढे उभा असलेला मुलगाच.