श्रेय कुणाचं

सिक्रेटिन हे लहान आतड्यात तयार होणारं संप्रेरक. स्वादुपिंडाला पाचकरस स्रवायला लावणं हे त्याचं काम. स्वादुपिंड नीट चालतंय का हे बघायला डॉक्टर ते टोचून तपासणी करत. १९९६ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या एका लहान मुलाची, पोट सतत बिघडतं म्हणून, अशी तपासणी झाली. त्यानंतर त्याचं पोट तर सुधारलंच, पण तो बोलायलाही लागला, असं त्याच्या आईने सांगितलं. १९९८ मध्ये अशा तीन मुलांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, त्याच वर्षी ऑक्टोबरात ती टीव्हीवर झळकली, आणि देशभरातले आईबाप या इंजेक्शनसाठी धावपळ करू लागले. साठे संपले, भाव चढले.

मग नॉर्थ कॅरोलिनात एड्रियन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० मुलं निवडली. काहींना सिक्रेटिनचा एक डोस दिला, काहींना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळालं हे आईवडिलांना ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नव्हतं. डिसेंबर १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही गटांत फरक नाही. पुढे आणखी बऱ्याच चाचण्या झाल्या, सगळ्या मिळून नऊशेहून जास्त मुलं त्यांत होती. उत्तर तेच राहिलं.

या चाचणीतल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. सलाईन मिळालेल्या मुलांमध्येही सुधारणा नोंदली गेली होती, सिक्रेटिन मिळालेल्यांइतकीच. आणि औषधाचा उपयोग नाही हे कळल्यावरही ६९ टक्के पालकांना ते इंजेक्शन अजून हवंसं वाटत होतं.

सलाईन म्हणजे मीठ आणि पाणी. मग सुधारणा आली कुठून? थोडी आईबापांच्या नजरेतून आली असणार, कारण आशेने बघणाऱ्याला एरवी निसटून जाणारं दिसतं. थोडी दिवसांच्या चढउतारातून. माणूस इलाजाच्या दारात जातो तो सगळं हाताबाहेर गेल्यावर, आणि तसे दिवस औषधाविनाही ओसरतात. पण थोडी खुद्द मुलांची होती. ऑटिझम असलेलं मूल वाढतं. आपल्या गतीने, आपल्या क्रमाने, कधी चार पावलं मागे येऊन, पण वाढतं. हे साधं सत्य आपण विसरतो, आणि त्याच विसराळूपणावर कैक इलाजांची दुकानं चालतात. मूल काही शिकलं की पावती औषधाच्या नावाने फाटते.

माझा भाचा आता वीस वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना ताईने कुणाच्या तरी सांगण्यावरून गहू आणि दूध बंद केलं. गव्हाचं फार अडलं नाही, ज्वारीची भाकरी घरात होतीच. पण दहीभात गेला. मोजकेच पदार्थ खाणारं पोर ते, आणि त्यातला दहीभात त्याचा सगळ्यात लाडका. जेवायच्या वेळी तो फ्रिजच्या दाराला कपाळ टेकवून उभा राहायचा. रडायचा नाही, ओढायचा नाही, नुसता उभा. या पथ्याच्या ज्या चाचण्या झाल्या त्या छोट्या होत्या आणि त्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. पण तेव्हा आम्हाला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि पथ्य सांगणारे मात्र पावलोपावली होते.

मग एका दुपारी ताई आमटी वाढत असताना त्याने ताटावर पंजा धरला आणि स्पष्ट म्हणाला, "बास." घरात नुसता जल्लोष. ताईने त्याचं श्रेय पथ्याला दिलं, भाऊजींनी महिनाभरापूर्वी सुरू केलेल्या कसल्याशा थेंबांना, ताईच्या सासूबाईंनी नवसाला. पथ्य आणखी कडक झालं, थेंबांच्या नव्या बाटल्या आल्या, नवस फेडला गेला. तिघांचंही त्या पोरावर जिवापाड प्रेम होतं, म्हणूनच हे झालं. पण कित्येक आठवडे तो ताटावर पंजा धरून वाढणाऱ्याचा हात थांबवत होता, हे कुणाच्या लेखी काहीच नव्हतं. पुढच्या भेटीत स्पीच थेरपिस्ट बाईंनीच विचारलं, की शब्द यायच्या आधी तो नको म्हणून काय करायचा? वाढत कोण होतं? आणखी कुठे कुठे हात मध्ये घालतो? त्या उत्तरांवरून त्यांनी पुढचा शब्द निवडला: "अजून." तोही आला, सावकाश. थेंबांना श्रेय दिलं तर थेंब वाढवण्यापलीकडे हाती काही उरत नाही. मुलाला श्रेय दिलं की त्याची पुढची पायरी कोणती ते दिसायला लागतं. दोन्हींतला हा फरक मला फार मोठा वाटतो.

काही इलाजांत पैसे आणि दहीभात याहून जास्त जातं. शरीरातला पारा काढला की ऑटिझम जातो, या समजुतीपायी चिलेशन नावाचा प्रकार पसरला. त्यात देतात ती मुळात खऱ्या शिसेबाधेवर वापरायची औषधं. २००५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका पाच वर्षांच्या मुलाला असं औषध शिरेतून दिलं, त्याच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली गेलं आणि त्याचं हृदय थांबलं. लशींच्या भीतीची कथा तर सर्वांना माहीत आहे. लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा बारा मुलांवरचा १९९८ सालचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, त्यांची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये पुन्हा दाखवून दिलं गेलं की गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने ऑटिझम होत नाही. तरी लस टोचायची की नाही असं दबक्या आवाजात विचारणारी आई मला आजही भेटते.

आपल्याकडचं आजचं आकर्षण म्हणजे स्टेम सेल. मुलाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची, पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्यात टोचायच्या. खर्च लाखांत. यासाठी कुणी फ्लॅट विकतो, कुणी गावाकडची जमीन. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं, की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. एवढं स्पष्ट सांगितल्यावर तरी ही दुकानं बंद पडायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. वाढत्या वयाच्या मुलाच्या पाठीत सुई घालण्याआधी पुरावा मागणं म्हणजे आशेच्या आड येणं नव्हे.

ऑटिझम असलेली माणसं या सगळ्याबद्दल काय म्हणतात, हे ऐकायला जगाने फार उशीर लावला. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये टोरोंटोच्या परिषदेत पालकांसमोर मांडलं होतं, की तुमचं दुःख हे तुम्ही मनात वाट पाहिलेल्या मुलाचं आहे. जे मूल प्रत्यक्ष जन्माला आलं, त्याला त्या सुतकाचं ओझं वाहायला लावू नका. ते निबंधरूपात मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ताईचा रागच आठवला होता, तिला कुणी हे सांगितलं असतं तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं. मग २००७ चा न्यूयॉर्कमधला प्रसंग वाचला. ऑटिझमची जाणीव करून द्यायला एका नामवंत केंद्राने जाहिराती लावल्या, त्या अपहरणकर्त्याने धाडलेल्या खंडणीच्या चिठ्ठ्यांसारख्या: तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, अशा थाटाच्या. ऑटिझम असलेल्या माणसांच्या संघटनेने अपंग हक्क चळवळीला सोबत घेऊन इतका आवाज उठवला की काही आठवड्यांत त्या उतरवाव्या लागल्या. रस्त्याने जाणाऱ्या ऑटिझम असलेल्या मुलांपैकी कितीतरी जण ती चिठ्ठी वाचू शकत होते, हे जाहिरात करणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पण ताईचं म्हणणंही मी खाली पडू देणार नाही. ती म्हणते, "व्यासपीठावर बोलणारे बोलतात गं. माझा रात्री तीनला उठून हात चावतो, तेव्हा मी काय स्वीकारायचं?" तिचा हा प्रश्न रास्त आहे. हात चावणं स्वीकारायचं नसतं. त्यामागचं दुखणं शोधायचं असतं. भाच्याच्या बाबतीत ते दाढेचं निघालं, आणि ते सापडायला बराच काळ गेला, कारण जो तो ते ऑटिझमच्या खात्यावर टाकत होता. फिट्स, झोप, दात, बद्धकोष्ठ यांवर उपचार आहेत, ते नेटाने करायला हवेत. बोलता येत नसेल त्याला चित्रांचं पुस्तक किंवा टॅब हातात द्यायला हवा. आमच्याकडे कुकर लावला की त्याला आधी सांगितलं जातं. तो आपल्या खोलीत जाऊन दार लावतो आणि शिट्ट्या संपल्यावर येतो. मुलाला स्वीकारणं म्हणजे रोज करायची अशी कामं आहेत, आणि ती कुठल्याही इंजेक्शनपेक्षा जास्त मेहनत मागतात.

त्या ६९ टक्क्यांकडे परत येते. त्या पालकांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. इंजेक्शन काढून घेतलं, मग त्याजागी दिलं काय? माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात इलाजाच्या धावपळीमागे एकच प्रश्न असतो: आमच्यामागे याचं काय होणार? मूल बरं झालं तर तो प्रश्न सुटेल, म्हणून बरं करण्याचा हा सगळा आटापिटा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात अठरा वर्षांनंतर पालकत्व देण्याची सोय आहे. जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऑटिझमची वेगळी नोंद आहे. कागद झाला. पण ज्या घरात भाच्यासारखा माणूस आईवडिलांमागे राहील, जिथे कुणीतरी त्याला कुकर लावल्याचं आधी सांगेल, अशी घरं किती आहेत? ताई-भाऊजी गेल्या वर्षापासून इतर पालकांबरोबर तेच शोधताहेत: जागा, दोन माणसं कायमची ठेवायचा खर्च, रात्री कोण थांबणार. भाच्यासाठी एका स्टेम सेलवाल्याने मागितली होती तेवढ्या रकमेत त्यांच्या हिशेबाने दोन वर्षांचं भाडं निघतं.