दोन आसनांची गाडी

साठी उलटल्यावर माणसाने काय घ्यावे, याची आमच्या घराण्यात एक परंपरा आहे. वडिलांनी काठी घेतली. काकांनी कवळी घेतली. थोरल्या मामांनी तर संन्यास घेतला. तो दोन महिन्यांत परत केला, ही गोष्ट निराळी. मी स्पोर्ट्स कार घेतली.

तुम्ही हसाल. हसा. आमच्या घरी तर तीन दिवस दुसरा उद्योग नव्हता. गाडी जुनी, तिसऱ्या हाताची, पण लाल भडक, दोन आसनांची आणि जमिनीपासून वीतभर उंच. सौभाग्यवतींनी तिला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "अहो, ही चालवायची की पांघरायची?"

गाडीचे नाव मी सांगत नाही. जे झाले त्यात दोष तिचा नव्हता, माझा होता. पण हे खूळ कुठून आले ते सांगतो. बँकेतली सारी हयात मी कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी चालवली. पुढचे आसन अखंड बाकासारखे, गियर सुकाणूच्या दांड्याला, आणि बसल्यावर दिवाणखान्यात बसल्याचा भास. सुखाची गाडी होती. पण सुखाला वेग नव्हता. पुढे कधीतरी अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत तयार झालेल्या चिंकारा नावाच्या उघड्या, दोन आसनी गाडीचे चित्र पाहिले. आपल्या कोकणात अशी गाडी होते, हे वाचूनच छाती फुगली. ते चित्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते.

आता पैसे कुठून आले, हेही सांगायला हवे. माझे मूळ गाव आसेगाव, मंगरूळपीर तालुक्यातले. पूर्वी आम्ही अकोला जिल्ह्यातले होतो, १ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा निराळा झाला. तिथे माझ्या वाट्याची पाच एकर काळी जमीन होती. ती दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, घेतली. "बाहेरच्याले नोको देऊ," एवढेच म्हणाला. तीन हप्त्यांत पैसे दिले. शेवटचा हप्ता आला त्याच आठवड्यात मी गाडी घेतली. जमीन विकून गाडी घेतली, हे मी दादाला सांगितले नव्हते. त्याने विचारलेही नव्हते.

पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात पाठीने तोंड उघडले. आधी कमरेत उजवीकडे एक बारीक ठणका, मग गाडीतून उतरताना एक कळ, आणि पुढे पुढे तर उतरण्याचा एक विधीच झाला. दार उघडायचे, देवाचे नाव घ्यायचे, एक पाय बाहेर टाकायचा आणि कोणी पाहत नाही ना याची खात्री करून जवळजवळ रांगत बाहेर यायचे. सौ.ने विचारले तर, "किल्ली पडली होती," असे सांगायचे. एका महिन्यात माझी किल्ली बत्तीस वेळा पडली.

शेवटी गुपचूप डॉक्टर गाठले. त्यांनी कण्याचा एक प्लास्टिकचा नमुना टेबलावर ठेवला आणि मला चांगले शहाणे केले. मणक्यामणक्यांत एक चकती असते. रात्री आडवे झालो की ती पाणी शोषून फुगते, दिवसभराच्या भाराने दबते. म्हणून माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच असतो. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला, आणि उभ्यापेक्षा विनाआधार बसलेल्या माणसाच्या चकतीवर तो जास्त भरला. म्हणजे आपण ज्याला आराम समजतो, ती पाठीची वेठबिगारी!

"आणि तुम्ही बसता कसे?" त्यांनी विचारले. मी खुर्चीवर करून दाखवले. पाय लांब, हात ताठ, धड मागे रेललेले. १९५० साली मोटारशर्यतींचा पहिला जगज्जेता ठरलेला इटलीचा नीनो फारिना अशाच लांब हातांनी गाडी हाकी. त्याची छायाचित्रे मी पाहिली होती. डॉक्टर म्हणाले, "फारिना शर्यत संपली की उतरत असे. तुम्ही पुण्याहून वऱ्हाडात जाता."

मग त्यांनी कारण सांगितले. बैठक इतकी खाली की गुडघे कमरेच्या वर जातात. पाय लांब केले की मांडीमागच्या शिरा ओटीपोटाचे हाड मागे खेचतात आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. त्यात या गाड्यांच्या स्प्रिंगा कडक, टायरांचे रबर पातळ, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दाणा थेट मणक्यात. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार-पाच हादऱ्यांच्या लयीत सर्वांत जास्त हलतो, आणि वाहनांचे बरेचसे हादरे नेमके त्याच्या आसपासचे. उपाय त्यांनी साधे दिले. मागच्या खिशातले पाकीट काढा. पाठ शंभर-एकशेदहा अंशांत टेकवा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्या. कमरेच्या खळगीत टॉवेलची वळकटी ठेवा. तासातासाने उतरा आणि चाला. उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर काढा. लांबच्या प्रवासानंतर लगेच वाकून ओझे उचलू नका, कारण ताणलेल्या शिरा तेव्हा बेसावध असतात. आणि एक युक्ती: ताठ बसून आरसा लावा. पुढे आरशात मागचे दिसेनासे झाले, की आरसा नव्हे, आपण घसरलो असे समजा.

शेवटी त्यांनी आवाज बदलून सांगितले, "पायातली शक्ती गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीचा ताबा गेला, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठायचे. एरवी अंथरूण धरायचे नाही." मी आयतीच पंधरा दिवसांची विश्रांती धरून बसलो होतो! पण १९९५ साली हेलसिंकीच्या डॉक्टरांनी ताडून पाहिले, की झोपून राहणाऱ्यांपेक्षा जमेल तितकी रोजची कामे करणारे लवकर बरे होतात.

हे सारे मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतले आणि वही घरी ठेवून पोळ्यासाठी आसेगावला निघालो.

एकटाच निघालो. सौ. म्हणाल्या, "मला पाठ आहे." समृद्धी महामार्ग तुम्हाला ठाऊक आहेच, ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ला शेवटचा, एकूण ७०१ किलोमीटर. रस्ता सरळ, सिमेंटचा. गाडी अशी पळाली की मी थांबायचेच विसरलो. तासातासाने उतरण्याऐवजी पेट्रोल भरायला तेवढा थांबलो, आणि तेव्हाही उतरलो नाही. कारण लाल गाडीभोवती पोरे जमली होती आणि त्यांच्यासमोर रांगणे मला प्रशस्त वाटेना. आरशात मागचा रस्ता दिसेना तेव्हा मी आरसा खाली वळवला. माणूस स्वतःला कसा फसवतो याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या बँकेच्या नोकरीतही मला आढळले नव्हते.

महामार्ग सोडला आणि आमच्या काळ्या मातीने हिसका दाखवला. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वर कितीही डांबर घाला, रस्त्याला लाटा आणते. मला डॉक्टरांची चकती आठवली. दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, कपाशी हिरवीगार होती. पण मला प्रत्येक लाटेला तारे दिसत होते.

घरापुढे पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. पोळ्याची आदली संध्याकाळ, म्हणजे खांदशेकणीची वेळ. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे या संध्याकाळी तूप-हळदीने चोळतात, शेकतात, आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" असे त्यांच्या कानाशी सांगतात. दादाची एकच जोडी उरली आहे. बाकीचे काम ट्रॅक्टरवर. तो बैलापाशी उभा होता. अंगणात आळीतली माणसे होती.

मी दार उघडले. एक पाय बाहेर टाकला. आणि तिथेच राहिलो. ना आत, ना बाहेर. कमरेत अशी कळ आली की तोंडातून शब्द फुटेना.

दादा जवळ आला. वाकून पाहिले. "काहून रे बापू, हे गाडी झोपून चालोवा लागते का?"

"दादा, पाठ धरली माही." पुण्यातल्या चाळीस वर्षांत मी 'माही' म्हणालो नव्हतो.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. दादाने माझ्या काखेत हात घातले, दोन्ही पाय एकत्र बाहेर आणले, जणू डॉक्टरांची वही त्यानेच वाचली होती, आणि मला उभे केले. उचलताना त्याच्या तोंडून एक बारीक हुंकार आला. मी तो हुंकार ओळखला. गेले महिनाभर मी तोच देत होतो.

बैलांचे झाल्यावर त्याने मला ओसरीवर पालथे झोपवले. उरलेले तूप-हळद पळसाच्या पानावर घेतले, पान निखाऱ्यावर कोमट केले आणि माझी कंबर शेकली. हात खरखरीत, पण बेताचे. बैल समोर रवंथ करीत होते. तिघांचे खांदेमोड एकाच रांगेत होते. फरक इतकाच, की त्या दोघांनी वर्षभर काम केले होते.

रात्री दादा गोठ्यात गेला तेव्हा वहिनी दूध घेऊन आल्या. "भाऊजी, तुमच्या दादाले पण हेच आहे. ट्रॅक्टरवर बसून बसून. दोन साल झाले. रात्री कड बदलता येत नाही. डॉक्टरनं सांगतलं, गडी ठेवा, उपचार घ्या. पण ते म्हणाले, बापूचा हप्ता राह्यला, तो अगुदर."

दूध हातात तसेच राहिले. बाहेर चांदणे नव्हते, अवसेची रात्र जवळ होती, तरी ती गाडी लाल दिसत होती. माझ्या पाच एकरांची ती गाडी. आणि त्या पाच एकरांचा हप्ता दोन वर्षे कोणाच्या पाठीतून निघाला, ते मला आज कळत होते.

सकाळी मी दादाला म्हणालो, शेवटच्या हप्त्याचे पैसे परत घे. गाडी विकतो.

"हिशेब झाला ना आता," तो म्हणाला. "झाला हिशेब पुन्हा काढू नाही." आणि बैलांच्या शिंगांना रंग लावायला निघून गेला. आमच्या घराण्यात रागावणे आणि माफ करणे या दोन्ही गोष्टी पाठमोरे होऊनच करतात.

पोळा झाला. करीच्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितले, "चाल दादा, वाशीमले डॉक्टरकडे." तो नाही म्हणाला. मी म्हणालो, "मग मलाच दाखवायचे आहे. एकट्याने गाडी चालवता येत नाही." हे खोटे नव्हते. तो तयार झाला.

वहिनींचे दोन टॉवेल घेतले, दोन वळकट्या केल्या. एक त्याच्या कमरेमागे, एक माझ्या. आसन पुढे ओढले, पाकीट काढून खणात टाकले, ताठ बसून आरसा लावला. दोन आसने, दोन पाठी. या गाडीत एकही जागा फुकट जात नाही, हे मला पहिल्यांदाच जाणवले. प्रत्येक लाट ओळखून मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. अर्ध्या वाटेत एका कडुनिंबाखाली थांबलो, दोघेही उतरलो आणि धुऱ्याधुऱ्याने शंभर पावले चाललो. मागून एक बैलगाडी आली आणि आम्हाला ओलांडून गेली.

पुन्हा बसल्यावर दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पुढच्या बैलगाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बापू, इतक्या हळू चालोवाचं होतं, तं एवढे पैसे काहून टाकले?"

मी उत्तर दिले नाही. आरशात मागचा रस्ता मात्र अगदी स्वच्छ दिसत होता.