अडीच तास पुढे

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं बालीला जाऊन आलो. आल्यापासून भेटणाऱ्या प्रत्येकाचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "मुलांना नाही नेलंत?" दुसरा, जरा आवाज खाली घेऊन, "एवढ्या पैशात उमरा झाला असता ना?" शाळेतल्या एका बाईंनी तिसरा विचारला, "बाली म्हणजे रात्रभर नाचगाणं चालतं तेच बेट ना? मग तुम्ही तिथं केलंत काय?" हा तिसरा प्रश्न मला आवडला. मधल्या सुट्टीत त्याचं उत्तर पुरं झालं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आधी थोडं आमच्याबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. हे अठरा वर्षं कुवेतला होते. कोकणातल्या मुसलमान घरांना यापुढचं सांगावं लागत नाही. लग्नानंतर बाविसाव्या दिवशी हे विमानात बसले. मग दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी. त्यातला एक महिना लग्नं, पाहुणे आणि घराची कौलं यांतच जायचा. कुवेतचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथं इशाची नमाज होऊन मुलं झोपली, की तिकडे यांची ड्युटी सुटायची. आधी कार्ड घालून केलेला फोन, पुढे व्हिडिओ कॉल. अठरा वर्षं माझ्यासाठी रात्र म्हणजे तो फोन होता.

दोन वर्षांपूर्वी हे कायमचे परत आले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, की आम्ही दोघं एकत्र कुठे गेलोच नव्हतो. दवाखाना, बँक, लग्न, मयत एवढंच. माझ्या भिशीचे पैसे आले, यांच्या शेवटच्या हिशेबातले थोडे घातले, मुलीला नानीकडे ठेवलं आणि मुंबईहून क्वालालंपूरमार्गे देनपासारला उतरलो. मुलगा हॉस्टेलवर, त्याने फक्त फोटो पाठवा म्हटलं.

विमानतळावर प्रत्येकी पाच लाखांचा व्हिसा आणि वर दीड लाख पर्यटन कर. आकडा ऐकून घाबरू नये, ते इंडोनेशियाचे रुपिया. एक लाख म्हणजे आपले पाच-साडेपाचशे. बाहेर आल्यावर यांनी सवयीने घड्याळ लावलं आणि हसले. म्हणाले, "बघ, हे अडीच तास पुढे आहे." आमचा संसार अडीच तास मागच्या घड्याळाशी झाला होता. आता पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच घड्याळात होतो, आणि ते पुढे होतं.

इंडोनेशिया हा मुस्लीम लोकसंख्येत जगात अगदी वरच्या क्रमांकाचा देश, पण बाली बेटावर बहुसंख्य लोक हिंदू आहेत. सकाळी दुकानांपुढे, टॅक्सीच्या काचेजवळ, फुटपाथवर झावळीच्या छोट्या परड्या दिसतात. त्यात फुलं, भात, उदबत्ती. हा रोजचा नैवेद्य, त्याला चानांग सारी म्हणतात. त्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही खाली बघत चालायला शिकलो. झावळ्या, नारळ, भातशेती, मासळी, घामट हवा, सगळं कोकणासारखं. परकं काही वाटेना.

भाषेची तर मला लॉटरीच लागली. वर्गात मी रोज दोन भाषांच्या मध्ये उभी असते, आणि इथं त्या दोन्ही एकाच वाक्यात भेटत होत्या. "आपा काबार?" म्हणजे काय खबर, कसे आहात. वेळेला वाक्तू, खुर्चीला कुर्सी, जगाला दुनिया. ही आपली उर्दूतली माणसं. आणि शिक्षकाला गुरू, भाषेला बहासा, धर्माला आगामा. ही मराठीतली. गंमत म्हणजे रमजानच्या रोज्याला तिथले मुसलमान पुआसा म्हणतात, आणि त्याचं मूळ उपवास. नवऱ्याला सुआमी, बायकोला इस्त्री. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "सुआमी, इस्त्री?" हे लगेच म्हणाले, "हो, मी स्वामी. आणि इस्त्री रोज सकाळी हीच करते." ती मुलगी काहीच न समजता आमच्याबरोबर हसली.

आता रात्रीबद्दल. बालीची रात्र म्हणजे कुटा, लेगियन, सेमिन्याक या दक्षिणेकडच्या भागातले क्लब, समुद्रकाठचे बार, पहाटेपर्यंत चालणारं संगीत. आम्ही दारू पीत नाही, क्लबात गेलो नाही, जायची इच्छाही नव्हती. पण त्यामुळे रात्री खोलीत बसायचं असं काही ठरत नाही. सेमिन्याकच्या किनाऱ्यावर वाळूत मऊ गाद्या टाकलेल्या असतात, वर रंगीत छत्र्या, मधे गिटार घेऊन गाणारा कुणीतरी. आम्ही दोघांनी तिथं शहाळं मागवलं. वाढणारा मुलगा शेजारच्या जावा बेटावरचा मुसलमान, फेरी बोटीने सामुद्रधुनी ओलांडून कामासाठी आलेला. माझी ओढणी बघून त्याने सलाम केला आणि कोणत्या पदार्थात काय आहे ते न विचारता सांगितलं. 'बाबी' लिहिलेलं डुकराचं, 'आयाम' कोंबडीचं, एवढं कळलं की पोटाचा प्रश्न सुटतो. शिवाय पदांगच्या खानावळी सगळीकडे आहेत. त्या सुमात्राच्या मुसलमान लोकांच्या. बसलं की दहा-बारा बश्या समोर मांडतात, खाल तेवढ्याचेच पैसे.

त्या मुलाची बायको गावी होती. रात्री काम संपलं की तिला फोन करतो म्हणाला. हे गप्प झाले. उठताना यांनी त्याच्या हातात जरा जास्त पैसे ठेवले. मी काही विचारलं नाही.

तो शनिवार होता. शनिवारच्या रात्रीला तिथं 'मालाम मिंग्गू' म्हणतात. मालाम म्हणजे रात्र, मिंग्गू म्हणजे रविवार. रविवारची रात्र, पण येते शनिवारी! मी जरा थांबले आणि मग लख्ख उजेड पडला. आपल्याकडे गुरुवारला जुमेरात का म्हणतात? जुम्याची रात गुरुवारी येते म्हणून. आपल्या हिशेबात दिवस मगरिबला सुरू होतो, म्हणजे रात्र आधी येते आणि दिवस तिच्यामागून. तरुण मुलंमुली, नवराबायको त्या मालाम मिंग्गूला हमखास बाहेर पडतात. ज्या शब्दाने तिथले लोक शनिवारची मौज ओळखतात, त्यातला हिशेब आपल्यासारखाच आहे. रात्री बाहेर पडणं म्हणजे वाया जाणं, असं ऐकत मी मोठी झाले. गावात मगरिबनंतर बाई बाहेर दिसली तर कारण द्यावं लागतं. इथं रात्री अकरा वाजता मी यांचा हात धरून वाळूत चालत होते, आणि कारण विचारायला कुणी नव्हतं.

पण बालीच्या रात्रीबद्दल लिहायचं आणि लेगियन रस्त्याबद्दल लिहायचं नाही, हे मला जमणार नाही. 12 ऑक्टोबर 2002 च्या रात्री या रस्त्यावरच्या पॅडीज बारमध्ये आणि सारी क्लबपुढे बॉम्ब फुटले. 202 माणसं मेली. 88 ऑस्ट्रेलियाची, 38 इंडोनेशियाची, बाकी कितीतरी देशांची. करणाऱ्यांनी ते इस्लामच्या नावावर केलं. आता तिथं स्मारक आहे, दगडावर देशवार नावं कोरलेली. आजूबाजूला आजही दुकानं, दिवे, दणदणीत गाणी. मी डोक्यावर ओढणी घेऊन त्या नावांपुढे उभी राहिले. शेजारी एक गोरे वयस्कर जोडपं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, मीही हलवली. बोलणं झालं नाही.

इंडोनेशियाची नावं मी एक एक करून वाचली. त्यांत आपल्यासारखीच नावं होती. आणि त्या रात्री मदतीला धावलेल्यांत कुट्याचे एक हाजीही होते, हाजी आगुस बंबांग प्रियांतो. आगीतून जखमींना बाहेर काढायला ते पुढे झाले. दारूच्या दुकानात कोण मेलं, कोणत्या धर्माचं मेलं, हे त्यांनी विचारलं नाही. मला राग येतो तो याचा, की मारणाऱ्यांची नावं जगाला पाठ आहेत आणि या हाजींचं नाव आपल्या घरांतही कुणाला ठाऊक नाही. माझ्या मुलांना मी ते सांगितलं आहे. वर्गातही सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी नुसा दुआला गेलो. तिथं पुजा मांडला नावाचं आवार आहे. एकाच ओळीत मशीद, कॅथलिक चर्च, बौद्ध विहार, प्रोटेस्टंट चर्च आणि हिंदू मंदिर. मशिदीचं नाव वाचून मी यांना कोपराने ढोसलं, इब्न बतूता! चौदाव्या शतकात मोरोक्कोहून निघालेला हा माणूस आपल्या दौलताबादलाही येऊन गेला आणि पुढे सुमात्रालाही पोचला. प्रवाशाच्या नावाची मशीद असणं मला फार गोड वाटलं. आत नमाज पढताना आणखी एक आपलेपणा. इंडोनेशियाचे मुसलमान शाफई आणि आम्ही कोकणीही शाफई. रुकूला जाताना उचललेले हात, मोठ्याने म्हटलेलं आमीन, सगळं गावच्या मशिदीसारखं. प्रवासात मगरिब आणि इशा एकत्र पढण्याची आमच्याकडे मुभा आहे, त्यामुळे संध्याकाळची ठिकाणं बघणंही सोपं गेलं.

त्यातलंच एक उलुवातू. समुद्रावर सरळ तुटलेला उंच कडा, टोकावर मंदिर, आणि पर्यटकांचे चष्मे पळवणारी माकडं. सूर्य बुडताना तिथं केचाक नृत्य होतं. वाद्य एकही नाही. उघड्या अंगाचे कितीतरी पुरुष गोल बसून तोंडाने 'चाक-चाक-चाक' असा ताल धरतात आणि मधे रामायणातला सीताहरणाचा भाग चालतो. शेवटी हनुमान पेटलेल्या कडब्यातून बाहेर पडतो. शाळेत मी ही गोष्ट कितीदा शिकवली असेल, पण अशी पाहिली नव्हती. पुढे उंच माणूस बसला होता, म्हणून मी यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होते. तेव्हा ती हदीस आठवली. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते. पैगंबरसाहेबांनी (स.) हजरत आयेशांना आपल्या आडोशाला उभं करून तो खेळ दाखवला, आणि त्यांचं मन भरेपर्यंत स्वतः उभे राहिले. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत आहे. आपल्याकडे बयानात ती फार कमी ऐकू येते. बायकोला काही बघायचं आहे आणि नवरा तिच्यासाठी थांबला आहे, एवढीच तर गोष्ट आहे.

जिम्बारानच्या वाळूत टेबल मांडून नारळाच्या काथ्यावर भाजलेला मासा खाल्ला. कोकणातल्या बाईने दुसरीकडचा मासा चांगला म्हणणं सोपं नाही, पण म्हणते. शेवटच्या रात्री झोपलोच नाही. दोन वाजता जीप आली आणि बातूर ज्वालामुखीकडे निघालो. इतर प्रवासी डुलक्या काढत होते. आम्ही दोघं ताजे, सहरीला उठायची सवय! काळ्या लाव्ह्यावर उभं राहून तळ्यापलीकडून सूर्य वर येताना पाहिला. गार वारा होता. यांनी स्वतःचं जॅकेट मला दिलं आणि स्वतः कुडकुडत म्हणाले, "कुवेतच्या थंडीपुढे हे काहीच नाही."

आता उमऱ्याच्या प्रश्नाबद्दल. उमरा आम्ही केला आहे, अल्लाहने बोलावलं तर पुन्हा करू. कुणी आधी उमरा करावा म्हणत असेल, तर जरूर करावा. पण अठरा वर्षं परदेशी राबलेल्या माणसाने आणि अठरा वर्षं एकटीने घर ओढलेल्या बाईने आठ दिवस एकमेकांसाठी काढले, तर त्याचा हिशेब कुणाला द्यायचा? धरतीवर फिरा आणि बघा, असं कुरआन वारंवार सांगतं. त्यात फक्त पुरुषांनी कमवायला जावं असं कुठे म्हटलेलं नाही.

आपल्या प्रत्येक गल्लीत आमच्यासारखी चार-पाच जोडपी आहेत. परत आलेले नवरे, दमलेल्या बायका, आणि एकमेकांशी काय बोलावं हे न कळणारे दोघं. बाली परवडलीच पाहिजे असं नाही. गणपतीपुळ्याला जा, महाबळेश्वरला जा, पण मुलांशिवाय जा, आणि रात्री खोलीत टीव्ही लावून बसू नका. बाहेर पडा. आम्ही आता दर शनिवारी इशानंतर खाडीच्या पुलापर्यंत चालत जातो. पहिल्या दोन वेळा लोकांनी विचारलं, "कुठं निघालात?" हे सांगायचे, "मालाम मिंग्गू." आता कुणी विचारत नाही. परवा शेजारच्या खालांनी दारातून हाक मारली, "जरा थांबा, आम्हीपण येतो."