घडी मोडताना

तीन दिवसांच्या हस्तकला प्रदर्शनातून बेळगावच्या शहापूरला घरी आले तेव्हा पिशवी जवळजवळ जाताना होती तेवढीच जड होती. ४० पुस्तिका नेल्या होत्या, ३७ परत आल्या. ‘धोटा’ ही माझी पहिली चित्रकथा. १६ पानं शाईनं काढून गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स केलेली, प्रत्येक मुखपृष्ठ हातानं रंगवलेलं, आणि शिवण वडिलांच्या मागावर उरलेल्या धाग्याची. आजी दारात बसून कांड्या भरायची, आत धोटा खटखट करत या काठाहून त्या काठाला जायचा, ते सगळं त्या पानांत होतं.

पैशांपेक्षा पुस्तिका पुन्हा जागेवर ठेवली जायची, ते लागायचं. लोक थांबत, दोन पानं चाळत, “छान आहे” म्हणत आणि पुढं जात. “लहान मुलांचं आहे काय हे?” असं विचारलं की मी नुसती मान हलवायची. चित्रानं स्वतःच बोलावं, काढणारीनं मागं बसावं, असं मी धरून चालले होते.

आईनं पिशवीत डोकावून पाहिलं. “उघडून दाखवलीस काय?” मी गप्प. “पदर दाखवल्याशिवाय साडी कोण घेतंय गं?”

विणकरांच्या गावात वाढून मला हे सुचलं नव्हतं. इथल्या दुकानात गादीवरचा माणूस विचारण्याआधीच घडी मोडतो, काठ बोटावर घेतो, पदर पसरतो; हा रंग कसा धरला, या नक्षीचं नाव काय, सांगत राहतो. पाहणारीचा हात आपोआप कापडाकडे जातो.

त्या रात्री पिंगुळीचे चित्रकथी आठवले. कुडाळजवळचं हे गाव. तिथल्या ठाकर समाजानं रामायण-महाभारतातल्या कथांची चित्रं पोथी-पोथीनं जपली आहेत. पोथी सोडायची, एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, हुडूक, टाळाच्या साथीनं गात कथा पुढं न्यायची. परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ही चित्रं काढली गेली तीच सांगण्यासाठी. माझी पानं मात्र मी मुकी करून टेबलावर मांडली होती.

पुढच्या प्रदर्शनात टेबलाच्या पुढच्या बाजूला उभी राहिले. एक प्रत उघडी धरली आणि थांबेल त्याला पहिलं पान सांगायला लागले: स्वातंत्र्यापर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं, आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात. पहिले काही तास आवाज घशातच अडकत होता. मग एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “आमच्या घरीबी दोन माग होते की.” ते बोलत राहिले, मी पान उलटायचं विसरले. ते जाताना दोन प्रती घेऊन गेले. मी न काढलेली कितीतरी पानं त्यांच्याकडे होती, आणि तीही मला त्या उघड्या प्रतीमुळंच मिळाली.

त्या दोन दिवसांत १९ प्रती गेल्या. निघताना शाळेच्या गणवेशातली एक मुलगी शेवटच्या चित्रापर्यंत ऐकत उभी राहिली आणि तिनं विचारलं, “हे कन्नडात आहे काय?”

कन्नड ‘धोटा’ची चार पानं झाली आहेत. बारा राहिली आहेत.